मी कोण हे ठरवतं कोण? आजच्या जपानी कादंबरीतलं अस्तित्व आणि स्वत्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी कादंबऱ्या इंग्रजी अनुवादातून वाचणाऱ्या मराठी वाचकांना पडतात असे हे प्रश्न आहेत. पुस्तकांची नावं इंग्रजी अनुवादाचीच ठेवली आहेत, कारण दुकानात तीच मिळतात. काही उत्तरं शेवट फोडल्याशिवाय देता येत नाहीत. ज्यांना ते चालत नाही त्यांनी कोबो आबे, केन्झाबुरो ओए आणि सायाका मुराता या कादंबरीकारांवरची उत्तरं तूर्तास सोडून द्यावीत.

अस्तित्ववाद तर फ्रान्स-जर्मनीचा. तो जपानी कादंबरीत शिरला कुठून?

अस्तित्ववाद म्हणजे जगण्याला आयता अर्थ नसतो, माणूस स्वतःच्या निवडींतून घडतो, हा विचार. तो आला दोन वाटांनी. पहिली वाट विद्यापीठातली. शूझो कुकी हा तत्त्वज्ञ १९२० च्या दशकात युरोपात शिकत होता. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरला त्याने प्रत्यक्ष ऐकलं, आणि १९२८ साली पॅरिसमध्ये फ्रेंच तत्त्वज्ञानावर बोलायला त्याला जो तरुण मिळाला त्याचं नाव झाँ-पॉल सार्त्र. पुढे अस्तित्ववादाचा सगळ्यात गाजलेला प्रवक्ता झालेल्या सार्त्रला तेव्हा कुणी ओळखत नव्हतं. पुढे केइजी निशितानी हा दुसरा जपानी तत्त्वज्ञ १९३७ ते १९३९ या काळात फ्रायबुर्गला हायडेगरकडे होता. पॅरिसच्या कॅफेंमध्ये अस्तित्ववादाची लाट यायच्या बऱ्याच आधी जपानी अभ्यासक त्याच्या उगमापाशी जाऊन आले होते.

दुसरी वाट युद्धाची, आणि कादंबरीच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण गेला. १९४६ च्या पहिल्याच दिवशी, आपण देव आहोत ही समजूत खोटी असल्याचं सम्राटाने जाहीर केलं. शाळेत मुलांकडून त्यांच्याच पाठ्यपुस्तकांतल्या ओळींवर शाई फासून घेतली गेली. केन्झाबुरो ओए शरणागतीच्या वेळी दहा वर्षांचा होता. जगाचा अर्थ एका सकाळी रद्द होऊ शकतो हे या पिढीला कुठल्या ग्रंथात वाचावं लागलं नाही. ओए पुढे तोक्यो विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकला आणि सार्त्रवर प्रबंध लिहून १९५९ साली बाहेर पडला. १९६६ च्या शरद ऋतूत सार्त्र आणि सिमोन द बोव्हार जपानला आले, तोवर तिथे त्यांचे वाचक तयार होते.

हे आपल्या 'कोऽहम्'सारखंच आहे का?

प्रश्न सारखा दिसतो, पण शोधाची दिशा उलटी आहे. 'कोऽहम्' विचारणाऱ्याला एक भरवसा असतो: थर सोलत गेलं की आत काहीतरी हाती लागेल, आणि 'सोऽहम्' म्हणता येईल. जपानी कादंबरीकार थर सोलतो खरा, पण आत काही सापडेल अशी हमी तो देत नाही. बहुतेकदा त्याला त्याची फिकीरही नसते. त्याची नजर त्या थरांवरच खिळलेली असते: नाव, चेहरा, गणवेश, सरकारदरबारची नोंद, गावाने गळ्यात घातलेलं काम. यातलं एकेक काढून घेतलं तर माणसाचं काय होतं, हे तो पाहतो.

याला तात्त्विक पाठबळही आहे. जपानी तत्त्वज्ञ तेत्सुरो वात्सुजीचा हायडेगरवर आक्षेप होता की त्याचा माणूस फार एकटा आहे. वात्सुजीच्या मते माणसामाणसांतलं नातं आधी, व्यक्ती त्यातून घडते. ऐकायला छान वाटतं. पण याच विचारात व्यक्तीला राष्ट्राच्या पोटात जिरवून टाकायची सोय होती आणि युद्धकाळात ती वापरलीही गेली. त्यामुळे युद्धोत्तर कादंबरीकार कात्रीत सापडला. इतरांशिवाय 'मी' उभा राहत नाही हे त्याला मान्य आहे, आणि इतरांच्या हाती 'मी' सोपवला की काय होतं हे त्याने पाहिलेलं आहे. माझ्या मते या साहित्यातला सगळा ताण इथे आहे, आणि 'मी कोण' यापेक्षा 'मी कोण हे ठरवतं कोण' हा त्याचा खरा प्रश्न आहे.

कोबो आबेच्या 'द वुमन इन द ड्यून्स'मधला माणूस शेवटी पळून का जात नाही?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असावा. १९६२ ची कादंबरी, १९६४ साली हिरोशी तेशिगाहाराने तिच्यावर काढलेला चित्रपट, आणि तरीही वाद संपलेला नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. निकी जुम्पेई नावाचा शाळामास्तर कीटक गोळा करायला समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर जातो. कीटकाची नवी जात सापडली तर ज्ञानकोशात आपलं नाव लागेल ही त्याची आशा. शेवटची बस चुकते, गावकरी त्याला वाळूच्या खड्ड्यातल्या एका घरात उतरवतात, तिथे एक विधवा राहते. सकाळी दोरीची शिडी गायब असते. रोज रात्री वाळू उपसायची, नाहीतर घर गाडलं जाईल आणि त्यामागून गावही. वाळू उपसली की वरून पाणी मिळतं.

तोच दगड पुन्हा पुन्हा डोंगरावर ढकलत राहणाऱ्या, फ्रेंच लेखक कामूने रंगवलेल्या ग्रीक पुराणातल्या सिसिफसची आठवण इथे सगळ्यांनाच होते, पण फरक बघा. सिसिफसला शिक्षा देवांनी दिली आणि तो एकटा आहे. जुम्पेईला कोंडलंय एका गावाने, तेही निव्वळ व्यवहार म्हणून: मजूर कमी पडतात, आणि खारट वाळू बांधकामाला चोरून विकली जाते. आबेच्या नरकाला अर्थशास्त्र आहे.

आता शेवट. सुटकेची चिठ्ठी पायाला बांधून पाठवता यावी म्हणून कावळा पकडायला जुम्पेई एक सापळा लावतो आणि त्याला नाव देतो 'आशा'. कावळा येत नाही. पण सापळ्याच्या बादलीत पाणी साचलेलं असतं, वाळूतून ओढलं गेलेलं. मग तो त्यावर प्रयोग करू लागतो, नोंदी ठेवू लागतो. पुढे बाईला दवाखान्यात नेतात तेव्हा शिडी तशीच राहते. तो वर चढतो, समुद्र बघतो आणि परत खाली येतो. पळायचं उद्याही जमेल. आज कुणाला तरी हा पाण्याचा शोध सांगायचाय, आणि तो समजेल अशी माणसं याच गावात आहेत.

हरला म्हणा, जिंकला म्हणा. मला वाटतं आबे इथे एक कडू विनोद करतो. कोशात नाव लागावं म्हणून निघालेल्या माणसाचं नाव शेवटी लागतं ते न्यायालयाच्या कागदावर: सात वर्षं बेपत्ता, सबब मृत मानण्यात येत आहे. शहरातला मास्तर म्हणून त्याला जे मिळालं नव्हतं, ते त्या खड्ड्यात मिळतं: स्वतः निवडलेलं काम आणि ते कळणारे लोक. फक्त त्यासाठी आधीच्या 'निकी जुम्पेई'ला मरावं लागतं. हे स्वातंत्र्य आहे की गुलामीची सवय झाली, याचा निवाडा करायचं आबे टाळतो. टाळतो ते बरंच करतो.

या कादंबऱ्यांत माणसं सारखी नाहीशी का होतात?

कारण जपानमध्ये खरोखरच माणसं अशी नाहीशी व्हायची. कर्ज, घटस्फोट, नोकरीतली नाचक्की. एका रात्रीत घर सोडायचं आणि दुसऱ्या शहरात नाव बदलून राहायचं. अशा लोकांना तिथे 'जोहात्सू', म्हणजे वाफ होऊन गेलेले, म्हणतात. १९६० च्या दशकात हा चर्चेचा विषय होता. आबेच्या १९६७ च्या 'द रुइन्ड मॅप'मध्ये एक खासगी गुप्तहेर बेपत्ता नवऱ्याला शोधता शोधता स्वतःच हरवतो. १९७३ च्या 'द बॉक्स मॅन'मधला माणूस तर पुठ्ठ्याचं खोकं अंगावर घालून तोक्योत फिरतो. तो सगळ्यांना बघतो, त्याला कुणी बघत नाही. मुराकामीकडे बायको नाहीशी होते, मांजर नाहीसं होतं. योको ओगावाच्या १९९४ च्या 'द मेमरी पोलीस'मध्ये वस्तूच एकेक करून नाहीशा होतात आणि माणसं त्यांना विसरतात.

'अ मॅन' ही हेरकथा आहे की तत्त्वज्ञान?

दोन्ही, आणि म्हणूनच ती वाचली जाते. केइइचिरो हिरानोची ही कादंबरी २०१८ ची. मियाझाकीतल्या एका गावात रिए नावाची घटस्फोटित बाई आईबरोबर स्टेशनरीचं दुकान चालवते. दुकानात येणाऱ्या एका अबोल माणसाशी ती लग्न करते, त्यांना मुलगी होते. तो जंगलतोडीचं काम करताना झाडाखाली सापडून मरतो. वर्षभराने त्याचा भाऊ येतो, देवघरातला फोटो बघतो आणि म्हणतो, हा माझा भाऊ नाही.

मग रिएने लग्न केलं कुणाशी?

इथे 'कोसेकी' समजून घ्यायला हवी. आपलं आधार कार्ड एका माणसाचं असतं. जपानची कोसेकी ही कुटुंबाची नोंदवही आहे. जन्म, लग्न, घटस्फोट, दत्तक, मृत्यू सगळं त्यात, एका आडनावाखाली. नवरा-बायकोने एकच आडनाव लावलं पाहिजे असा तिथला कायदा आजही सांगतो. परदेशी नागरिकाची स्वतःची कोसेकी नसते. बापाने काही भयंकर केलं असेल, तर मुलाची या वहीतून सुटका नाही. हिरानोच्या गोष्टीत माणसं ही नोंदच एकमेकांशी बदलतात: तुझा भूतकाळ मला दे, माझा तू घे.

शोध घेणारा वकील किदो हा कोरियन वंशाचा, तिसऱ्या पिढीतला, जपानी नागरिकत्व घेतलेला. 'तुम्ही खरे कोण' हा प्रश्न त्याला दुसऱ्याच्या फायलीतून भेटतो, पण तो आयुष्यभर त्याच्या ओळखीचा आहे. एका बारमध्ये तो सहज दुसऱ्याच्या नावाने बोलायला लागतो आणि त्याला बरं वाटतं, हा प्रसंग मला सगळ्या कादंबरीत सरस वाटला. आणि रिएचा आधीच्या लग्नाचा मुलगा विचारतो, आता मी आडनाव कुठलं लावू? तत्त्वज्ञान इतकं घरगुती करणं सोपं नाही.

हिरानो ज्याला 'बुन्जिन' म्हणतो ते नेमकं काय?

माणूस अखंड नाही, तो नात्यागणिक वेगळा असतो आणि यातला कुठलाच खोटा नाही, ही त्याची मांडणी. २००९ च्या 'डॉन' या कादंबरीत ती आली आणि २०१२ मध्ये त्याने तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. आईसमोरचा मी, साहेबासमोरचा मी, मित्रांतला मी: यांच्यामागे लपलेला 'अस्सल मी' शोधत बसू नका, असं तो म्हणतो. एका नात्यातला मी असह्य झाला तर दुसऱ्या नात्यातल्या 'मी'वर पाय रोवता येतो. सगळं आयुष्यच संपवायची गरज नाही. हे शब्दांचे खेळ नाहीत. २०१२ च्याच एका कादंबरीत त्याने मेल्यानंतर तीन वर्षांनी परत आलेला माणूस रंगवलाय, ज्याला आपण आत्महत्या केली होती हे पटतच नाही.

माझी एक शंका आहे. ज्याला नाती निवडता येतात त्याला हा सिद्धांत सोयीचा. ज्याच्याकडे एकही नातं उरलं नाही, त्याने पाय कुठे रोवायचा? त्याचं उत्तर यू मिरीकडे शोधावं लागतं. तिच्याकडे पुढे येऊ.

सायाका मुराताच्या 'कन्व्हीनियन्स स्टोअर वुमन'मधल्या केइकोला काही मानसिक आजार आहे का?

कादंबरीत तसं कुठेही म्हटलेलं नाही, आणि तुम्ही तो शोधायला लागलात की तिला 'बरं' करायला निघालेल्या तिच्या बहिणीच्या पंगतीला जाऊन बसता. केइको फुरुकुरा ३६ वर्षांची, अविवाहित, १८ वर्षं एकाच दुकानात अर्धवेळ नोकरी करणारी. लहानपणी बागेत मेलेला पक्षी बघून बाकीची मुलं रडतात, ही म्हणते घरी नेऊन भाजून खाऊ या. तिला जग कळत नाही ते तेव्हापासून. दुकान मात्र कळतं. आल्या गिऱ्हाइकाचं स्वागत कुठल्या पट्टीत करायचं, चेहरा कसा ठेवायचा, हे तिथे नियमपुस्तिकेत लिहिलेलं आहे. बोलण्याची लकब आणि कपडे ती सहकाऱ्यांकडून उचलते.

सार्त्रने १९४३ च्या ग्रंथात एका वेटरचं उदाहरण दिलंय. तो जरा जास्तच वेटरसारखा वागतो, भूमिकेत लपून स्वतःचं स्वातंत्र्य नाकारतो. सार्त्रच्या लेखी ही आत्मवंचना. सायाका मुराता हे उदाहरण उलटं करून ठेवते. केइको गणवेश घालते तेव्हा ती लपत नाही, ती पहिल्यांदा दिसू लागते. लपणं सुरू होतं ते 'नॉर्मल' व्हायच्या नादात. शिराहा नावाचा एक ऐतखाऊ, तोंडाळ पुरुष ती घरात आणून ठेवते आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. तो न्हाणीघरात पडून असतो, तिच्या पैशावर जेवतो, तिचा पाणउतारा करतो. तरी बहिणीला आनंद होतो, कारण ही गोष्ट तिला ओळखता येते. लग्नाचं वय उलटलेल्या मुलीबद्दल आपल्याकडच्या घरांतही हेच बोललं जातं, त्यामुळे मराठी वाचकाला हे प्रसंग समजावून सांगावे लागत नाहीत.

शेवटी केइको शिराहाला सोडते आणि दुकानाकडे परतते. हा विजय की यंत्राला शरण जाणं? पुस्तक विनोदी आहे, म्हणून घाईत विजय म्हणावंसं वाटतं. पण ती मोकळी होते ती आठवड्याचे ठरावीक तास कमी पगारावर राबण्यासाठी, हेही विसरू नये. २०१६ साली या कादंबरीला आकुतागावा हे जपानमधलं मानाचं साहित्य पारितोषिक मिळालं तेव्हा मुराता स्वतः अशाच दुकानात काम करत होती.

मुराकामी यात कुठे बसतो?

थोडा बाजूला. हारुकी मुराकामीचा नायक आत उतरतो: 'द विंड-अप बर्ड क्रॉनिकल'मध्ये तोरू ओकादा कोरड्या विहिरीत जाऊन बसतो, १९८५ च्या 'हार्ड-बॉइल्ड वंडरलँड अँड द एंड ऑफ द वर्ल्ड'मध्ये गावात शिरताना माणसाची सावली कापून घेतात. आत काहीतरी आहे या भरवशावर या कादंबऱ्या चालतात, म्हणून परक्या वाचकाला त्या लवकर जवळच्या वाटतात. माझ्या मते त्याच्या नायकांचं एकटेपण जरा आरामाचं आहे: पास्ता, जॅझ, मांजर, भाडं कसंबसं निघतंय.

तरी त्याचं एक पुस्तक इथे चुकवू नये, आणि ती कादंबरी नव्हे. २० मार्च १९९५ ला ओम् शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला. मुराकामीने त्यात सापडलेल्या प्रवाशांच्या मुलाखती घेतल्या आणि १९९७ मध्ये 'अंडरग्राउंड' काढलं. पुढे पंथातल्या लोकांशीही बोलला. शिकलीसवरलेली माणसं तिथे का गेली? त्याचं म्हणणं, त्यांनी स्वतःची गोष्ट गुरूच्या स्वाधीन केली आणि त्याची तयार गोष्ट घेतली. पण लगेच तो वाचकाकडे वळतो: तुम्ही तरी तुमच्या 'मी'चा काही भाग कुठल्या संस्थेला, कंपनीला देऊन टाकलेला नाही ना?

यात झेन किंवा बौद्ध विचार कितपत आहे?

इंग्रजी अनुवादांच्या मलपृष्ठावर जितका असतो त्याहून बराच कमी. तत्त्वज्ञांमध्ये तो आहे: निशितानीने १९६१ च्या ग्रंथात युरोपच्या शून्यवादाला, म्हणजे कशालाच अर्थ नाही या भूमिकेला (nihilism), बौद्ध शून्यतेने उत्तर दिलं, आणि त्या शून्यतेचा धागा चीनमार्गे आपल्या नागार्जुनापर्यंत येतो. कादंबरीकारांचं तसं नाही. आबेने वैद्यकाची पदवी घेतली, मांचुरियात वाढला, कम्युनिस्ट पक्षात गेला आणि तिथून काढला गेला. ओएला दान्ते आणि ब्लेक जवळचे. मुराकामीचे आजोबा क्योतोतल्या देवळाचे पुजारी होते, पण नातवाच्या पानांवर देवळापेक्षा बार जास्त.

ओएची 'अ पर्सनल मॅटर' इतकी अस्वस्थ का करते?

कारण यात निवड खरीखुरी आहे. बर्ड नावाचा २७ वर्षांचा मास्तर आफ्रिकेला पळून जायची स्वप्नं बघतो, नकाशे विकत घेतो. त्याला मूल होतं ते मेंदूतल्या व्यंगासह. बर्ड मनोमन वाट बघतो की ते आपोआप मरावं. ओएचा स्वतःचा मुलगा हिकारी १९६३ मध्ये असाच जन्मला, कादंबरी १९६४ ची. शेवटी बर्ड मुलाची शस्त्रक्रिया करायचं ठरवतो. हा शेवट फार गोड झाला असं मिशिमा या कादंबरीकारासकट अनेकांना वाटलं. मला तो तितका गोड वाटत नाही, कारण त्याच वर्षी ओएने दुसरी एक कथाही लिहिली, जिच्यात बाप मुलाला मरू देतो आणि मग आकाशातून उतरणारं एक बाळभूत त्याचा पिच्छा पुरवतं. दोन्ही शक्यता त्याने जगून पाहिल्या, एक घरात आणि एक कागदावर. हिकारी पुढे संगीतकार झाला, ओएला १९९४ साली नोबेल मिळालं.

दुःखाला अर्थ असतो, असं हे लेखक मानतात का?

मिएको कावाकामीच्या २००९ च्या 'हेवन'मध्ये हाच वाद आहे, आणि तो घालतात शाळकरी मुलं. तिरळ्या डोळ्याच्या मुलाचा वर्गात अमानुष छळ होतो. कोजिमा ही त्याच्यासारखीच छळली जाणारी मुलगी म्हणते, आपण सोसतो त्याला अर्थ आहे. छळणाऱ्यांतला मोमोसे थंडपणे सांगतो, अर्थ वगैरे काही नाही, आम्ही करू शकतो म्हणून करतो. लेखिका कुणाच्याच बाजूने कौल देत नाही. मग डॉक्टर सांगतात की डोळ्याची शस्त्रक्रिया अगदी स्वस्तात होईल. ज्या व्यंगावर दोघांनी दुःखाचं सगळं तत्त्वज्ञान उभारलं ते इतक्यात काढता येतं! कोजिमाला तो विश्वासघात वाटतो.

नाती उरलीच नाहीत तर?

यू मिरीची 'तोक्यो उएनो स्टेशन'. जपानी मूळ २०१४ चं, अनुवादाला २०२० मध्ये अमेरिकेचं नॅशनल बुक अवॉर्ड. निवेदक काझू मेलेला आहे. तो फुकुशिमाकडचा मजूर, १९६४ च्या ऑलिंपिकच्या बांधकामावर तोक्योला आलेला, म्हातारपणी उएनो बागेत ताडपत्रीखाली राहणारा. तो जन्मला त्याच वर्षी, १९३३ साली, सम्राट अकिहितो जन्मला. त्याचा मुलगा जन्मला त्याच दिवशी अकिहितोचा मुलगा. राजघराण्यातलं कुणी बागेत येणार असलं की बेघरांना तिथून हुसकावतात. स्वतःची ओळख निवडायला आधी कुणाच्या तरी नजरेत असावं लागतं, हे या कादंबरीत कुठलाही सिद्धांत न सांगता कळतं. यू मिरी स्वतः जपानमध्ये जन्मलेली कोरियन आहे.

ओसामू दाझाईची 'नो लाँगर ह्यूमन' तरुणांमध्ये अजून इतकी का चालते?

१९४८ ची आहे, पण नायक योझो माणसांना घाबरून सतत विदूषकी करतो, आणि हे आज मोबाइल हातात घेतलेल्या कुणालाही परकं वाटत नाही. मन आधीच खचलेलं असेल तर मात्र ती वाचायची घाई करू नका. दाझाईने त्याच वर्षी जीव दिला, आणि पुस्तकात उतारा कुठेच नाही.

सुरुवात कशाने करू?

मुरातापासून. दोन बैठकींत संपतं, हसवतं, आणि वर सांगितलेला प्रश्न कसलीही पूर्वतयारी नसताना समोर उभा करतं. मग 'अ मॅन'. मधले वकिली तपशील कंटाळवाणे वाटले तर भरभर पानं उलटा, काही बिघडत नाही. आबे तिसरा घ्या आणि उन्हाळ्यात वाचू नका, वाळू अंगाला चिकटते. ओए आणि कावाकामी एकामागोमाग एक नकोत. मुराकामी तुम्ही बहुधा आधीच वाचलेला असेल.